ओतलेली जमीन आणि तिचा दाखला

मराठीत घरातल्या जमिनीसाठी किती क्रियापदे आहेत, हे कधी मोजून पाहिले आहे का? गावाकडे जमीन 'करतात'. मुरूम पसरायचा, पाणी मारायचे, चोपण्याने चोपून सपाट करायचा आणि सुकला की शेणाने सारवायचा. सिमेंट आले तेव्हा कोबा 'घालू' लागले. शहाबादी फरशी किंवा टाइल 'बसवतात'. मुंबई-पुण्याच्या जुन्या इमारतींत आजी-आजोबांच्या घरी नक्षीच्या रंगीत टाइल्स तुम्ही पाहिल्या असतील. तशा टाइल्स करणारी भारत फ्लोअरिंग ही कंपनी स्वदेशीच्या काळात, १९२२ मध्ये मुंबईत सुरू झाली. त्या टाइल्सही एकेक करून बसवलेल्या. या यादीत आता आणखी एका क्रियापदाची भर घालू. जमीन 'ओततात'.

मुलांनो, ओतलेली जमीन तुम्ही पाहिलेली आहे, फक्त तिच्याकडे लक्ष गेले नसेल. गाड्या दुरुस्त करायची मोठी गॅरेज, कारखाने, औषधे तयार करायच्या खोल्या, मोठी स्वयंपाकघरे अशा ठिकाणी ती असते. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकही सांधा नाही. भिंतीपाशी काटकोन नाही, तिथे जमीन गोलाई घेऊन थोडी भिंतीवर चढते. खाण्याचे पदार्थ जिथे होतात तिथे सांधे नकोच असतात, कारण सांध्यात साखर, दूध, पाणी साचते आणि जंतूंची वस्ती होते. चॉकलेट म्हटले की पोरिरुआच्या मुलांना १९६९ पासून आपल्या गावात असलेली व्हिटकर्स आठवणारच. समजा, अशा एखाद्या कारखान्यात गरम पाक सांडला. टाइल्सच्या फटीतून तो काढायला ब्रश घेऊन बसावे लागेल. सलग जमिनीवरून तो गरम पाण्याने धुऊन टाकता येतो.

अशी जमीन ओतणाऱ्या माणसांचे शिक्षण कसे होते आणि त्यांना दाखला कोण देते, हा या वेळचा विषय. विषय जरा कोरडा वाटेल, पण आमच्यापैकी एका घरी यावरून बरेच रामायण झाले म्हणून तो निवडला. गॅरेजमध्ये छान राखाडी, चकचकीत जमीन करून घेतली. करणाऱ्याने दोन दिवसांत काम संपवले, पैसेही बेताचे घेतले. उन्हाळ्यात गाडी लांबून येऊन आत उभी राहिली आणि दुसऱ्या दिवशी निघाली, तेव्हा टायरखालचे चार तुकडे टायरला चिकटून वर आले. पुढे हिवाळ्यात बाकीच्या जमिनीला फोड आले. पापडावर येतात ना, तसे! पुन्हा सगळे खरवडून काढण्याचा खर्च पहिल्या कामापेक्षा जास्त झाला.

टाइल वाकडी बसली तर कोणालाही दिसते. कोब्याला भेग पडली तर ती दिसते. ओतलेल्या जमिनीचे मात्र उलटे आहे. वाईट कामही पहिल्या दिवशी आरशासारखेच चमकते. जे महत्त्वाचे ते सगळे तिच्या खाली झाकले जाते आणि पुन्हा कोणाला पाहता येत नाही. म्हणूनच या कामात माणसाने काय केले यापेक्षा त्याला काय येते, हे आधी कळण्याची सोय लागते. दाखला ही ती सोय.

आधी ही राळ काय आहे ते पाहू. इंग्रजीतल्या रेझिनला आपला शब्द राळ. झाडाच्या खोडातून पाझरणारा चिकट रस वाळून कडक होतो, ती राळ. जुन्या नाटकांत राक्षसाच्या प्रवेशाला मशालीवर राळेची पूड फेकत आणि भपकन जाळ उठे. 'टीकेची राळ उडाली' असे आपण म्हणतो ती हीच राळ! जमिनीसाठी वापरतात ती राळ मात्र कारखान्यात तयार होते. तिच्या दोन मोठ्या जाती आहेत. एक इपॉक्सी. ती स्वित्झर्लंडचे पिएर कास्तां आणि अमेरिकेचे सिल्व्हन ग्रीनली यांनी वेगवेगळे काम करून शोधली आणि १९४० च्या दशकात बाजारात आली. दुसरी पॉलियुरेथेन. तिचा शोध जर्मनीत ओट्टो बायर यांनी १९३७ मध्ये लावला. इपॉक्सी कडक आणि चिवट असते, पण उकळत्या पाण्याच्या धुण्याने ती मऊ पडते. त्यामुळे जिथे रोज गरम पाणी ओततात, अशा खाद्यपदार्थांच्या कारखान्यांत सिमेंट मिसळलेले पॉलियुरेथेन घालतात.

माल दोन डब्यांत येतो. एका डब्यात राळ आणि दुसऱ्यात तिला घट्ट करणारा पदार्थ, त्याला सगळे हार्डनर म्हणतात. दोन्ही एकत्र झाले की रासायनिक क्रिया सुरू होते आणि ती थांबवता येत नाही. इथे आपली स्वयंपाकघरातली अक्कल थोडी घात करते. दुधात विरजण जास्त घातले तर दही लवकर लागते, म्हणून हार्डनर जास्त घातला तर राळ लवकर घट्ट होईल, असे नवशिक्याला वाटते. तसे होत नाही. इपॉक्सीत राळेचा प्रत्येक कण हार्डनरच्या ठरलेल्या भागाशी जोडला जातो. जास्तीचा हार्डनर तसाच उरतो आणि जमीन कायमची मऊ, चिकट राहते. डब्याच्या कडेला चिकटलेली न मिसळलेली राळ ओतली गेली तरी तेच होते. जमिनीवर हाताएवढा एक डाग कधी सुकतच नाही. म्हणून शिकाऊ मुलाला पहिल्या दिवसापासून सांगतात की कडा आणि तळ खरवडून घे आणि मिसळलेला माल दुसऱ्या स्वच्छ बादलीत ओतून पुन्हा ढवळ. ढवळायचे यंत्रही हळू चालवायचे, नाहीतर हवा आत जाऊन बुडबुडे होतात.

आणखी एक गंमत. ही क्रिया होताना उष्णता निघते. जमिनीवर पातळ पसरलेल्या थरातून ती उडून जाते, पण बादलीतल्या जाड गोळ्यातून जात नाही. गरम झाल्यामुळे क्रिया वाढते, वाढली की आणखी गरम होते आणि विसरलेल्या बादलीतून धूरसुद्धा निघू लागतो. साधारण वीस अंश सेल्सिअसला एका बादलीला वीस ते चाळीस मिनिटे हाताशी असतात. हवा दहा अंशांनी जास्त गरम असेल तर अंदाजे निम्मीच. काम करणाऱ्यांचे सगळे हिशोब या घड्याळावर चालतात. पहिल्या बादलीची कड ओली असतानाच दुसरी तिला येऊन मिळाली पाहिजे. मध्ये कोणी फोन घेत बसला तर तिथे कायमची रेघ उमटते. पसरायला दाते असलेली थापी वापरतात, कारण दात्यांच्या उंचीवरून थराची जाडी ठरते. मग खिळ्यांचा रूळ फिरवून बुडबुडे फोडतात. हे करताना ओल्या जमिनीवरून चालावे लागते, त्यासाठी बुटांना खिळ्यांचे तळवे बांधतात. खिळ्यांची बारीक भोके राळ आपोआप भरून टाकते. (हे बूट पाहायला मिळतील का, असे विचारणाऱ्यांनी कृपया आधी गृहपाठ दाखवावा.)

पण ओतणे हा कामाचा सर्वांत सोपा आणि सर्वांत छोटा भाग आहे. निम्म्याहून जास्त मेहनत आधीची असते आणि गॅरेजवाल्या त्या घरात नेमकी तीच झाली नव्हती.

काँक्रीट ओतल्यावर पाणी वर येते आणि त्याच्याबरोबर सिमेंटचा बारीक गाळही वर येऊन दुधावरच्या सायीसारखा थर बसतो. दिसायला तो गुळगुळीत, पण कमकुवत असतो. राळ या सायीला घट्ट चिकटते आणि साय खालच्या काँक्रीटला सोडून देते. मग टायर थंड होऊन आकसला की राळ सायीसकट वर! म्हणून आधी ही साय काढायची. त्यासाठी पोलादाच्या बारीक गोळ्यांचा मारा करणारे यंत्र असते किंवा हिऱ्याचे कण लावलेल्या चकत्यांनी घासतात. नुसते आम्लाने धुणे किंवा झाडू मारणे पुरत नाही. घासल्यावर जमीन खडबडीत लागली पाहिजे, तेलाचा डाग उरता कामा नये आणि भेगा आधी भरलेल्या हव्यात.

मग ओढून पाहायची परीक्षा असते. पन्नास मिलिमीटर व्यासाची धातूची चकती जमिनीला चिकटवतात आणि यंत्राने वर ओढतात. दर चौरस मिलिमीटरला दीड न्यूटन ताण सहन झाला तर काँक्रीट चालण्याजोगे, असे साधारण धरतात. वरच्या वर्गातल्या मुलांनी गुणाकार करून पाहावा. बशीपेक्षा लहान असलेल्या या चकतीला सुमारे तीनशे किलो वजन टांगल्यासारखे होते.

त्यानंतर ओल. चोपलेली जमीन पुरती सुकल्याशिवाय सारवू नये, हे गावाकडच्या बाईला कोणी शिकवावे लागत नाही. काँक्रीटचे तसेच आहे, फक्त त्याला वेळ फार लागतो. चांगल्या हवेत पहिल्या पन्नास मिलिमीटरला रोज एक मिलिमीटर असा ढोबळ हिशोब आहे आणि त्याहून जाड असेल तर वेग आणखी मंदावतो. वरून कोरडे दिसणारे काँक्रीट आत कित्येक महिने ओले असू शकते. म्हणून त्यावर हवाबंद पेटीत आर्द्रता मापक ठेवून मोजतात. ब्रिटनमध्ये ७५ टक्क्यांच्या वर सापेक्ष आर्द्रता असेल तर थांबा किंवा ओल रोखणारा वेगळा थर आधी घाला, असा संकेत आहे. जुन्या घरांत काँक्रीटखाली प्लास्टिकचा ओलरोधक कागद नसेल तर ओल जमिनीतून वर येतच राहते. पाण्याच्या वाफेला बाहेर पडायचे असते, वर राळेचे झाकण असते. फोड येणार नाहीत तर काय?

शेवटी दंव. पोरिरुआची हवा आपल्या परिचयाची आहे. सकाळी खाडीवरून ओलसर वारा येतो आणि गाडीच्या काचेवर पाणी जमते. तसेच, डोळ्यांना न दिसणारे पाणी थंड जमिनीवरही बसते. हवा थंड होत होत ज्या तापमानाला तिच्यातल्या वाफेचे पाणी होते, त्याला दवबिंदू म्हणतात. जमिनीचे तापमान दवबिंदूपेक्षा निदान तीन अंशांनी जास्त असल्याशिवाय राळ ओतायची नाही, असा नियम आहे. उदाहरण घेऊ. हवा १५ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर दवबिंदू सुमारे साडेबारा अंश येतो. म्हणजे काँक्रीट साडेपंधरा अंशांच्या वर हवे. हिवाळ्यात रात्रभर गारठलेले काँक्रीट बारा अंशांवर असते. म्हणजे त्या दिवशी काम नाही. मालक समोर उभा आहे, दुकान सोमवारी उघडायचे आहे, मजूर आलेले आहेत, तरीही नाही. आमच्या मते या धंद्यातले खरे शिक्षण हेच. थापी फिरवायला महिनाभरात येईल, पण मापकाकडे बघून 'आज नाही' म्हणायला कारण माहीत असावे लागते आणि पाठीशी काही अधिकारही असावा लागतो.

आता दाखल्याकडे येऊ. या कामाची वाट सर्वांत नीट आखलेली दिसते ती ब्रिटनमध्ये, म्हणून आधी तिथले सांगतो. राळेच्या जमिनी करणाऱ्यांची फर्फा ही संघटना तिथे १९६९ पासून आहे. तिने जमिनींचे आठ प्रकार पाडले आहेत. पहिला प्रकार म्हणजे फक्त धूळ बसू नये म्हणून दिलेला, दीडशे मायक्रॉनपर्यंतचा पातळ थर. आठवा म्हणजे सहा मिलिमीटरहून जाड, अवजड कारखान्यासाठी. मालक आणि ठेकेदार यांच्यात पुढे भांडण नको म्हणून हे उपयोगी पडते, कारण 'इपॉक्सी करून द्या' एवढ्यानेच कोणता प्रकार हवा ते कळत नाही. काम करणाऱ्यांसाठी तिथे एनव्हीक्यू नावाची राष्ट्रीय व्यावसायिक पात्रता आहे आणि राळेच्या जमिनीसाठी तिची दुसरी पातळी. तिची परीक्षा हॉलमध्ये होत नाही. परीक्षक कामाच्या जागेवर येतो. मुलगा नकाशा आणि मालाचे कागद वाचतो का, ओल मोजून लिहून ठेवतो का, माल बरोबर मिसळतो का, उरलेला माल कुठे टाकतो, हे तो उभा राहून पाहतो आणि 'असे का केलेस' म्हणून विचारतो. छायाचित्रे आणि नोंदी जमा होतात. सगळे भाग पुरे झाले की पात्रता मिळते आणि तिच्यावर बांधकामाच्या जागी दाखवायचे निळे ओळखपत्र. शिकाऊ मुलाचे पत्र लाल असते.

या ओळखपत्रांची एक गोष्ट आम्हाला विचार करायला लावणारी वाटली. पूर्वी तिथे अनुभवी माणसाला त्याच्या मालकाच्या शिफारशीवरही पत्र मिळे. नंतर ही सवलत बंद करायचे ठरले आणि तशी शेवटची पत्रे ३१ डिसेंबर २०२४ रोजी संपली. वीस-पंचवीस वर्षे उत्तम काम केलेल्या माणसांनाही पात्रता मिळवायला सांगण्यात आले. वर्गात बसून नव्हे, त्यांचे काम पाहूनच. तरी अनेकांना ते अपमानास्पद वाटले असणार. आमच्यात यावर एकमत झाले नाही. काहींचे म्हणणे असे की हाताला येते ते हाताला येते, कागद कशाला? बाकीच्यांचे म्हणणे असे की ज्याला खरोखर येते त्याला परीक्षकाची भीती नसते आणि ज्याला येत नाही तोही वीस वर्षे काम केल्याचे सांगू शकतो.

न्यूझीलंडमध्ये काय आहे? घराचा सांगाडा आणि पाणी आत येऊ न देणे, यांच्याशी संबंधित कामांना इथे १ मार्च २०१२ पासून परवानाधारक माणूसच लागतो. त्यात सुतार, छप्परवाले, विटांचे काम करणारे, बाहेरचा गिलावा करणारे, पाया घालणारे येतात. जमिनीवर राळ ओतणारे त्या यादीत नाहीत. म्हणजे दुकानातून डबे आणून कोणीही काम घेऊ शकतो. याचा अर्थ शिक्षणाची सोय नाही असा नव्हे. जमिनीची कामे हा इथल्या शिकाऊ उमेदवारीच्या धंद्यांपैकी एक आहे. १९९२ च्या कायद्याने कोणत्या धंद्यात काय शिकवायचे ते त्या त्या उद्योगाने ठरवावे, अशी पद्धत आली. त्यानंतर संस्थांची नावे इतक्या वेळा बदलली की पालकांचा गोंधळ होतो. २०२० मध्ये सगळ्या पॉलिटेक्निक एकत्र करून ते पूकेंगा ही एक मोठी संस्था केली, मग ती मोडायचे ठरले आणि १ जानेवारी २०२६ पासून मानके ठरवण्याचे काम उद्योगांच्या नव्या मंडळांकडे आले. पाट्या बदलल्या तरी मूळ हिशोब तोच राहिला आहे. देशात पात्रतेच्या दहा पातळ्या आहेत. शिकाऊ उमेदवारी चौथ्या पातळीवर संपते आणि तिला किमान १२० क्रेडिट लागतात. एक क्रेडिट म्हणजे अंदाजे दहा तासांचे शिकणे. बहुतेक शिकणे कामावर, पगार घेत होते.

पालकहो, इथे एक फरक लक्षात ठेवायला हवा. राळ बनवणाऱ्या कंपन्याही आपला माल वापरणाऱ्यांना दोन-तीन दिवस शिकवतात आणि 'मान्यताप्राप्त' असा कागद देतात. तो कागद वाईट नाही. मालाची हमी चालू राहण्यासाठी कधी तोच लागतो. पण तो एका कंपनीच्या मालापुरता असतो, धंद्याची पात्रता वेगळी. काम देताना दोन्हींबद्दल विचारावे. त्याहून चांगले म्हणजे ओल कशाने मोजणार, काँक्रीट कसे घासणार आणि त्याची नोंद आम्हाला देणार का, हे विचारावे. या प्रश्नांवर समोरचा माणूस कंटाळला तर दुसरा माणूस शोधावा. काम बिघडलेच तर १९९३ चा ग्राहक हमी कायदा आहे. घरगुती कामासाठी घेतलेली सेवा वाजवी काळजी आणि कौशल्याने दिली पाहिजे, असे तो सांगतो. आमच्या गॅरेजवाल्या घराने तो उशिरा वाचला.

आपल्याकडे महाराष्ट्रात औद्योगिक प्रशिक्षण संस्था, म्हणजे आपली आयटीआय, ज्या योजनेखाली चालतात ती १९५० ची आणि शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ चा. आयटीआयमध्ये गवंडीकाम आहे, रंगकाम आहे. चाकण किंवा वाळूजच्या एमआयडीसीत, गाड्यांच्या आणि औषधांच्या कारखान्यांत इपॉक्सीची जमीन सर्रास दिसते. ती करणारी बरीच माणसे मात्र मुकादमाच्या हाताखाली बघून बघून शिकलेली असतात. अशांसाठी २०१५ पासूनच्या केंद्राच्या कौशल्य योजनेत आधी शिकलेल्याची परीक्षा घेऊन दाखला द्यायची तरतूद आली. कल्पना ब्रिटनसारखीच. थोड्या दिवसांत मिळणारा हा दाखला चार वर्षांच्या उमेदवारीची जागा घेईल, असे आम्हाला वाटत नाही. तरी ज्याच्या हातात काहीच कागद नव्हता त्याला नाव-गाव आणि काम लिहिलेला एक कागद मिळाला, हे कमी नाही. परदेशी येणाऱ्या कारागिराला तर पहिला प्रश्न कागदाचाच होतो. इथल्या परीक्षकाला त्याचा हात दिसण्याआधी त्याची फाइल दिसते.

पोरिरुआला हे नवीन नाही. टॉड मोटर्सचा गाड्या जोडण्याचा कारखाना १९७० च्या दशकात इथे आला, पुढे मित्सुबिशीचा झाला आणि १९९८ मध्ये बंद पडला. कारखाना असतो तोपर्यंत मुकादमाला माहीत असते की कोण काय करतो. कारखाना गेला की ती माहितीही जाते आणि ज्याच्याकडे पात्रतेचा कागद असतो त्यालाच दुसऱ्या दारात आपले काम थोडक्यात सांगता येते. १९८६ मध्ये पारूमोआना कम्युनिटी कॉलेज म्हणून पोरिरुआत जी संस्था सुरू झाली आणि पुढे व्हिटिरेइया झाली, ती याच गरजेतून, घराजवळ काही शिकता यावे म्हणून.

शिक्षणाचा एक भाग कोणाच्याच नजरेला पडत नाही, तो म्हणजे काम करणाऱ्याचे स्वतःचे शरीर. कच्ची इपॉक्सी आणि तिचा हार्डनर वारंवार कातडीला लागले तर काहींना ॲलर्जी होते. खाज, पुरळ, फोड. एकदा झाली की ती जन्मभर राहते, नंतर थेंबही चालत नाही आणि धंदा सोडावा लागतो. हाताला लागलेली राळ थिनरने पुसायची नाही, कारण त्याने ती आणखी आत जाते. साबण आणि पाणीच वापरायचे. हातमोजे नायट्राइलचे हवेत आणि ते वेळेवर बदलायचे. पॉलियुरेथेनमधल्या आयसोसायनेटने दमा होऊ शकतो. युरोपीय संघाने तर २४ ऑगस्ट २०२३ पासून असा नियम केला की हा पदार्थ ठरलेल्या प्रमाणापेक्षा जास्त असलेला माल, प्रशिक्षण घेतल्याशिवाय कामावर वापरायचाच नाही. काँक्रीट घासताना उडणाऱ्या धुळीत सिलिका असते आणि ती फुप्फुसात कायमची बसते. त्यासाठी घासायच्या यंत्राला धूळ ओढणारे यंत्र जोडतात आणि तोंडावर नीट बसणारा मुखवटा लावतात. दाढी वाढलेली असेल तर तो नीट बसत नाही, म्हणून दाढी काढतात. न्यूझीलंडच्या २०१५ च्या कायद्याने ही सगळी काळजी घेणे मालकाचे कर्तव्य आहे. पण नव्या मुलाला आपला हक्क माहीत नसेल तर तो मागणार कसा? शिकाऊ असल्याचा करार आणि वेळोवेळी येऊन भेटणारा परीक्षक यांचा इथे मोठा उपयोग होतो. बाहेरचा एक माणूस विचारायला येतो, मोजे कुठे आहेत?

आपल्या वर्गातल्या मोठ्या मुलांपैकी काहींना शाळा संपल्यावर हाताचे काम शिकायचे आहे, हे आम्हाला ठाऊक आहे. त्यांच्या आईबाबांना काय वाटते, तेही ठाऊक आहे. चहाच्या वेळी 'निदान आधी डिग्री तरी घे' हे वाक्य आम्ही बऱ्याचदा ऐकले आहे आणि आमच्यातल्या काहींनी ते उच्चारलेही आहे. रसायन, तापमान, आर्द्रता, क्षेत्रफळ, घनफळ आणि मालकाला 'आज नाही' म्हणण्याचे धैर्य, एवढे सगळे ज्या कामात लागते त्याला शिक्षण म्हणायचे की नाही, हे ज्याने त्याने घरी बोलून ठरवावे. बोलताना शक्यतो मराठीत बोलावे, म्हणजे आमचेही काम होईल.

मुलांसाठी हिशोब. एक चौरस मीटर जमिनीवर एक मिलिमीटर जाड थर द्यायला बरोबर एक लिटर माल लागतो. (का, ते वहीत सिद्ध करा.) एक हॉल बारा मीटर लांब आणि आठ मीटर रुंद आहे. त्यात तीन मिलिमीटर जाड जमीन ओतायची आहे. राळ दोन भाग आणि हार्डनर एक भाग असे प्रमाण आहे. एका वेळी अठरा लिटरची एक बादली मिसळतात आणि ती पसरायला आठ मिनिटे लागतात. एक बादली संपता संपता दुसरी तयार असते. राळ किती लिटर लागेल? हार्डनर किती? बादल्या किती? आणि सकाळी नऊला पहिली बादली ओतली तर सगळ्यांना अकरा वाजता चहा घेता येईल का? उत्तर कारणासह लिहून आणा. बरोबर उत्तरे पुढच्या अंकात.